रविवारी चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना : सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात घरातले कोणी ना कोणी उपचार घेऊन आले आहे, शाळेत ख्रिस्ती वर्गमित्र होते, नाताळात शेजारच्या घरून फराळाचे ताट येते, अशी असंख्य कुटुंबे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. तरीही रविवारी सकाळी चर्चचे दार उघडे असताना आत जाऊन बसण्याचा विचार त्यांच्यापैकी फार थोडे जण करतात. आपल्याला आत बसू देतील का, केव्हा उठायचे आणि केव्हा बसायचे हे न कळल्यामुळे अवघडल्यासारखे होईल का, आणि आत गेलो म्हणजे आपण धर्म बदलला असे कोणी समजेल का, असे प्रश्न मनात असतात आणि ते विचारायचे कोणाला हेही ठाऊक नसते.

रविवारची उपासना सार्वजनिक असते. तिला येण्यासाठी निमंत्रण, नावनोंदणी किंवा शुल्क लागत नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला मागच्या बाकावर बसून सर्व काही पाहता येते. शांतपणे आणि आदराने बसावे, एवढीच पाहुण्याकडून अपेक्षा असते. गाणे, उभे राहणे, डोळे मिटणे, दान देणे यांपैकी जे मनाला पटेल ते करावे आणि जे पटणार नाही ते करू नये. एक विधी मात्र बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, झालेल्यांसाठी राखीव असतो. तो म्हणजे प्रभुभोजन, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोणत्या चर्चमध्ये जावे

सगळी चर्चे सारखी नसतात आणि पहिल्या भेटीचा अनुभव बराचसा या निवडीवर अवलंबून असतो. आपल्या भागात सातारा आणि वाई इकडे अमेरिकन मराठी मिशनने, तर सांगली, मिरज, कोल्हापूर इकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने एकोणिसाव्या शतकात काम उभे केले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय याच प्रेसबिटेरियन मिशनचे. या मिशनांतून उभ्या राहिलेल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी (मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये जमणारा ख्रिस्ती समाज) बऱ्याच मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आल्या, तर काही आपापल्या जुन्या व्यवस्थेत राहिल्या. येथली उपासना मराठीत होते, साधी असते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. आत मूर्ती नसतात. समोर रिकामा क्रूस, वेदी आणि उपदेशासाठीचे व्यासपीठ असते. धर्मगुरूंना पाळक म्हणतात आणि बोलताना ‘पाळकसाहेब’ असे संबोधतात.

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला मिस्सा म्हणतात आणि धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणून हाक मारतात. समोर ख्रिस्ताची प्रतिमा असलेला क्रूस असतो आणि बाजूला मरियामातेची व संतांची शिल्पे असतात. मिस्सा मराठीत आहे, इंग्रजीत आहे की कोकणीत, हे आधी विचारून घ्यावे, कारण एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भाषांत मिस्सा असू शकते.

तिसरा प्रकार स्वतंत्र किंवा पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा. त्यांची उपासना पुष्कळदा भाड्याच्या सभागृहात किंवा एखाद्याच्या घरी भरते. कीबोर्ड, ढोलकी किंवा ड्रम यांच्या साथीने बराच वेळ गायन चालते, लोक हात उंचावून मोठ्याने प्रार्थना करतात, आणि क्वचित न समजणाऱ्या भाषेतही प्रार्थना कानावर येते. त्याला ते ‘अन्य भाषा’ म्हणतात आणि पवित्र आत्म्याचे दान मानतात. माहिती नसताना हे पाहून गोंधळायला होते. माहिती असली तर घाबरण्याचे कारण उरत नाही. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी मात्र रविवारी नव्हे, शनिवारी उपासनेला जमते.

पूर्णपणे नवख्या माणसाने प्रथम आपल्या शहरातल्या जुन्या, मराठी उपासना असलेल्या चर्चमध्ये जावे, असे माझे मत आहे. भाषा आपली असते, क्रम सावकाश चालतो आणि कोणीही लगेच अंगावर येऊन बोलत नाही.

दिवस आणि वेळ ठरवताना

ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र जमतात, कारण येशू ख्रिस्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी मरणातून उठला अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून प्रत्येक रविवार त्यांच्यासाठी पुनरुत्थानाची आठवण असतो. बहुतेक चर्चांत उपासना सकाळी असते. वेळ फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेली असते, पण उन्हाळ्यात आणि सणांच्या काळात ती बदलते, म्हणून आदल्या दिवशी विचारून घेतलेले बरे. खेड्यांत एकाच पाळकाकडे दोन-तीन गावे असू शकतात. अशा गावी उपासना दुपारी किंवा सायंकाळीही होते.

नाताळच्या दिवशी पहिल्यांदा जाण्याचा मोह बहुतेकांना होतो. माझा सल्ला याच्या उलट आहे. त्या दिवशी बसायला जागा नसते, पाळकांना कोणाशी बोलायला सवड नसते आणि सजावटीतच लक्ष अडकते. एखादा साधा रविवार निवडावा. काही विशेष पाहायचेच असेल, तर ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार पाहावा. त्या दिवशी मुले-माणसे हातात झावळ्या घेऊन गात मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. हंगामाच्या सणाची उपासनाही पाहण्यासारखी असते. लोक शेतातली ज्वारी, भाजीपाला, फळे, अंडी असे जे काही असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर पुष्कळ ठिकाणी त्या वस्तूंचा लिलाव होऊन पैसे मंडळीच्या कामासाठी जमा होतात.

गुड फ्रायडेची उपासना मात्र पहिल्या भेटीसाठी निवडू नये. ती दुपारी बारा ते तीन अशी चालते, वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर एकामागून एक सात उपदेश होतात, आणि आधीची ओळख नसेल तर एवढा वेळ बसणे जड जाते.

साध्या रविवारी प्रॉटेस्टंट उपासना दीड ते दोन तास, मिस्सा सुमारे एक तास आणि स्वतंत्र मंडळीची सभा अडीच-तीन तासही चालते. पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. उशीर झालाच, तर प्रार्थना चालू असताना आत न शिरता दाराशी थांबावे आणि गीत सुरू झाल्यावर बसून घ्यावे.

पोशाख आणि सोबतच्या वस्तू

एखाद्या घरगुती समारंभाला जाताना घालतो तसे स्वच्छ, साधे कपडे पुरेसे आहेत. जुन्या मंडळ्यांत अनेक स्त्रिया प्रार्थनेच्या वेळी पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात. ही बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील उपदेशाला धरून आलेली प्रथा आहे. पाहुण्या स्त्रीवर तिचे बंधन नसते, पण सोबत ओढणी असली म्हणजे अवघडायला होत नाही. कुंकू, टिकली किंवा मंगळसूत्र काढून ठेवण्याचे काही कारण नाही. पुरुषांनी टोपी काढून हातात धरावी.

नारळ, हार, उदबत्ती किंवा पेढे नेऊ नयेत. ते कोठे अर्पण करायचे याची व्यवस्थाच तेथे नसते आणि दाराशी उगाच अडचण होते. कॅथलिक चर्चमध्ये मरियामातेपुढे मेणबत्ती लावता येते. ती बहुधा तेथेच मिळते. पादत्राणांचा नियम जागेनुसार बदलतो. शहरातल्या बाकांच्या चर्चमध्ये लोक चपला-बुटांसह बसतात, तर सतरंजी अंथरलेल्या गावच्या चर्चमध्ये त्या बाहेर काढतात. दाराशी चपलांची रांग दिसली, तर आपल्याही तेथेच काढाव्यात.

नियमित येणारे लोक पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचे पुस्तक सोबत आणतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते गीतांचे पुस्तक म्हणजे ‘उपासना संगीत’. पाहुण्याकडे ही पुस्तके नसणार हे सर्वांना ठाऊक असते. शेजारी बसलेली व्यक्ती बहुधा स्वतःहून आपले पुस्तक मध्ये धरते.

आत गेल्यावर

दाराशी कोणी तरी हात जोडून किंवा हस्तांदोलन करून ‘जय ख्रिस्त’ म्हणेल. उत्तर तसेच द्यावे किंवा नुसता नमस्कार करावा, दोन्ही चालते. अनेक जुन्या चर्चांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसण्याची पद्धत अजून आहे, म्हणून जोडप्याने आत शिरण्यापूर्वी क्षणभर बसण्याची मांडणी पाहावी. पुढच्या एक-दोन रांगा गायन मंडळासाठी किंवा मंडळीच्या पंचांसाठी असू शकतात. मधल्या भागाच्या मागे बसणे सर्वांत सोयीचे, कारण पुढचे लोक उठले की उठायचे आणि बसले की बसायचे, एवढे लक्षात ठेवले तरी निभावून जाते. अगदी शेवटच्या रांगेत हा आधार मिळतो, पण लहान मुलांच्या ये-जा करण्याने उपदेश नीट ऐकू येत नाही.

मोबाइल बंद करावा. छायाचित्रे काढायची असतील तर उपासनेनंतर, पाळकांना विचारून काढावीत. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या माणसाचे चित्रीकरण करणे फार अनुचित आहे आणि ते कोणत्याही चर्चमध्ये खपवून घेतले जात नाही.

प्रॉटेस्टंट उपासनेचा क्रम

उपासनेचे आवाहन होते, सर्व उभे राहतात आणि पहिले गीत सुरू होते. गीताचा क्रमांक भिंतीवरच्या फळीवर लावलेला असतो किंवा उपासना चालवणारे तो सांगतात. या गायनाकडे मराठी श्रोत्याने विशेष लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. काही गीते पाश्चात्त्य चालींवर रचलेली असतात, पण अनेक गीते अभंग, ओवी, पद अशा आपल्याच घाटाची असतात आणि पेटी, तबला, टाळ यांवर गायली जातात. कृष्णरत्न सांगळे आणि नारायण वामन टिळक यांच्या रचना अजूनही दर रविवारी कोठे ना कोठे गायल्या जातात. टिळकांचा साताऱ्याशी निकटचा संबंध होता. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करण्यास घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी तेथे बंधुभावाने एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे ते काम फार पुढे गेले नाही, तरी बाहेरून येणाऱ्या माणसाला जवळ घेण्याचा तो विचार याच मातीतला आहे, हे साताऱ्यात चर्चची पायरी चढणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावे.

गीतानंतर पापांगीकाराची प्रार्थना होते. सर्व जण मान लववून, डोळे मिटून आपल्या आठवड्यातल्या चुका देवापुढे कबूल करतात. पाहुण्याने नुसते शांत राहावे. पुढे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र आळीपाळीने वाचले जाते. एक ओवी समोर उभा असलेला वाचक वाचतो आणि दुसरी सर्व मंडळी. मग जुना करार आणि नवा करार या बायबलच्या दोन भागांतला एकेक उतारा वाचला जातो. ‘योहान तीन सोळा’ असे कोणी म्हटले, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय आणि त्यातले सोळावे वचन असा त्याचा अर्थ. पुस्तकाच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत योहानाचे पान शोधावे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी पुस्तके, नव्या कराराच्या आरंभीच असतात. आदल्या रात्री वेळ मिळाला, तर लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचून जावे. हरवलेल्या मेंढराचा आणि घर सोडून गेलेल्या मुलाचा दृष्टांत त्यात आहे, आणि उपदेशात त्यांचा उल्लेख इतक्या वेळा येतो की ही ओळख पुष्कळ उपयोगी पडते.

प्रेषितांचा विश्वासांगीकार सर्व जण उभे राहून एका सुरात म्हणतात. तो ख्रिस्ती श्रद्धेचा संक्षेप आहे. ज्याचा त्यावर विश्वास नाही त्याने आदराने उभे राहावे, पण ते शब्द उच्चारू नयेत, हेच प्रामाणिकपणाचे आहे आणि त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेत नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरुवात असलेली प्रभूची प्रार्थनाही अशीच सर्वांच्या तोंडी असते.

मध्येच सूचना होतात. कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, महिला मंडळाची सभा केव्हा आहे, हे सांगितले जाते. याच वेळी नव्याने आलेल्यांना उभे राहून ओळख करून देण्यास सांगण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. नाव आणि गाव सांगावे आणि ‘उपासना पाहायला आलो आहे’ एवढे म्हणावे. लोक टाळ्या वाजवून स्वागत करतात. हे नको असेल, तर उपासनेपूर्वीच दाराशी तसे सांगून ठेवावे.

उपदेश वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालतो. त्यानंतर आजारी माणसांसाठी, देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी, पावसासाठी आणि पिकासाठी मध्यस्थीची प्रार्थना होते. शेवटी पाळक दोन्ही हात उंचावून आशीर्वचन देतात. आशीर्वचनानंतरचे ‘आमेन’ म्हणून झाल्याशिवाय कोणी जागा सोडत नाही.

मिस्सा वेगळी कोठे असते

कॅथलिक भाविक दाराजवळच्या पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करतात आणि बाकावर बसण्यापूर्वी एक गुडघा टेकतात. पाहुण्याने यांतले काही करण्याची गरज नाही. उठणे, बसणे आणि गुडघे टेकणे येथे अधिक वेळा येते. गुडघे टेकण्याच्या वेळी पाहुण्याने बसून राहिले तरी चालते. शुभवर्तमानाचे वाचन होताना मात्र सर्वांबरोबर उभे राहावे.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. त्यानंतर ती लोकभाषांत आली. १९६९ मध्ये भारतातील उपासनेसाठी काही देशी रीतींना रोमची मान्यता मिळाली. समई, आरती, जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे या गोष्टी एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये दिसल्या, तर त्यांमागे ही मान्यता आहे. शांतीची खूण देण्याच्या वेळी लोक एकमेकांकडे वळून हात जोडतात. तेव्हा आपणही शेजाऱ्याला नमस्कार करावा.

प्रभुभोजन

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा विधी बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो, तर मिस्सेत प्रत्येक वेळी असतो. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर घेतलेल्या भोजनाची ही आठवण आहे. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये भाकरीचे लहान तुकडे आणि लहान पेल्यांतून द्राक्षरस दिला जातो. कॅथलिक चर्चमध्ये पातळ, गोल, पांढरी भाकर देतात आणि ती ख्रिस्ताचे शरीरच आहे असे मानतात.

आपल्याकडे देवळात, मठात किंवा उरुसात कोणी प्रसाद पुढे केला तर तो नाकारणे हा अनादर समजला जातो. त्याच संस्काराने एखादा पाहुणा रांगेत उभा राहतो आणि हात पुढे करतो. हा प्रसाद नव्हे. जो बाप्तिस्मा घेऊन मंडळीचा सभासद झाला आहे आणि ज्याने आत्मपरीक्षण केले आहे, त्यानेच तो घ्यावा असा नियम आहे, आणि कॅथलिक चर्चमध्ये तो इतर पंथांच्या ख्रिस्ती माणसांनाही सामान्यतः दिला जात नाही. म्हणून रांग पुढे सरकू लागली की पाहुण्याने आपल्या जागी बसून राहावे. बाकावरून जाणाऱ्यांना वाट करून द्यावी, एवढेच. तबक बाकाबाकांतून फिरत असेल, तर ते न घेता शेजाऱ्याकडे द्यावे. न घेण्यात कोणाचाही अपमान होत नाही. उलट समज नसताना घेतल्यास ख्रिस्ती मनाला ते लागते. घरच्यांसाठी म्हणून ती भाकर खिशात ठेवणे तर कटाक्षाने टाळावे. सोबत लहान मुले असतील, तर त्यांना हे आधीच समजावून सांगावे.

दान

गीत चालू असताना दानाची थैली किंवा तबक फिरते. सभासद त्यात पैसे किंवा दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे, पाकीट घालतात. पाहुण्याने काही घालावे अशी अपेक्षा नसते. थैली पुढे द्यावी. द्यावेसे वाटले तर रक्कम कितीही लहान चालते. मात्र नव्या माणसाला बाजूला घेऊन, अमुक रक्कम दिल्यास अमुक आशीर्वाद मिळेल असे कोणी सांगू लागले, तर तेथून नम्रपणे निघावे.

धर्मांतराविषयीची शंका

उपासनेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. मंडळीचा सभासद होण्यासाठी बाप्तिस्मा लागतो, आणि जुन्या मंडळ्यांत त्याआधी दीर्घ काळ शिक्षण देतात, माणसाने स्वतःच्या विचाराने निर्णय घेतला आहे याची खात्री करून घेतात. पहिल्याच भेटीत कोणी कागदावर सही मागितली किंवा बाप्तिस्म्याचा आग्रह धरला, तर स्पष्ट नकार द्यावा. नाव आणि फोन क्रमांक मागितला जाऊ शकतो. तो देणे न देणे आपल्या इच्छेवर आहे.

आजारातून बरे होण्यासाठी प्रार्थना हवी म्हणून अनेक जण चर्चमध्ये येतात, आणि अशी प्रार्थना आनंदाने केली जाते. परंतु चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नयेत, हे मी आवर्जून सांगतो. मिरजेच्या मिशनने प्रार्थनेबरोबर शस्त्रक्रियागृह उभारले आणि डॉक्टर घडवले. साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या बंद करायला सांगणारा प्रार्थना करणारा मनुष्य त्या परंपरेच्या विरुद्ध वागत असतो.

उपासना संपल्यावर

पाळक दाराशी उभे राहून प्रत्येकाला भेटतात. काही चर्चांत चहा असतो; पाच मिनिटे थांबावे, कारण रविवारच्या ओळखी याच वेळात होतात. मुलांना घेऊन गेला असाल, तर शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, केव्हा भरते ते विचारावे. ती बहुधा उपासनेआधी किंवा तिच्याच वेळी भरते, आणि तीत गाणी व गोष्टी असतात.

मनात प्रश्न आले असतील, तर ते त्या गर्दीत विचारू नयेत. रविवारी पाळकांना उपासनेनंतर आजाऱ्यांच्या घरी किंवा दुसऱ्या गावी जायचे असते. त्यांच्याकडून आठवड्यातल्या एखाद्या सायंकाळची वेळ मागून घ्यावी, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि शक्य झाल्यास त्याआधी त्याच चर्चमध्ये आणखी एका रविवारी बसून यावे. पहिल्या वेळी सगळे लक्ष उठण्या-बसण्यात जाते. उपदेश खऱ्या अर्थाने ऐकू येतो तो दुसऱ्या वेळी.